प्रवरातीरीचा आहारसंयम

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारमध्ये भगवतीमातेच्या नवरात्राचे उपवास आणि वारकऱ्यांची एकादशी यांनी जिभेवर ताबा ठेवण्याची रीत घरोघरी रुजवली. याच नदीकाठी, खाली नेवाशात, 1290 मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय युक्ताहाराचा, म्हणजे मोजक्या व वेळच्या वेळी घेतलेल्या आहाराचा, पुरस्कार करतो आणि अतिभोजनाइतकाच उपासमारीचाही निषेध करतो; ही दुसरी बाजू आज विसरली जाते, हे खेदाचे आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्याच शतकात व्रतांचा मोठा संग्रह केला. व्रताचे बळ संकल्पात असते: हातात पाणी घेऊन नेम आधीच उच्चारल्यामुळे ताटासमोर बसल्यावर मनाशी वाद घालावा लागत नाही, आणि सारे घरच तो नेम पाळत असल्याने मोह आपोआप कमी होतो.

उपवासाचे ताट मात्र बदलत गेले. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो तो टॅपिओका, हे सारे अमेरिका खंडातून आले. त्यामुळे दाण्याच्या कुटात परतलेली, तुपाने चकाकणारी खिचडी ही तुलनेने अलीकडची भर असून वऱ्याच्या तांदळाची परंपरा तिच्याहून जुनी आहे. पुढे जवळच्या लोणी परिसरात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि या पट्ट्यात उसाबरोबर साखरही मुबलक झाली.