सयाजीराव गायकवाड यांचे विद्यार्थी-साहाय्य

बडोदा संस्थानचे अधिपती महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे (११ मार्च १८६३ – ६ फेब्रुवारी १९३९) यांनी गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, शिक्षणसंस्थांची उभारणी आणि सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण या तीन मार्गांनी शिक्षणास साहाय्य केले. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले कवळाणे हे त्यांचे जन्मगाव होय. त्यांच्या साहाय्याने शिकलेल्यांमध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे सर्वांत प्रसिद्ध आहेत. एका विद्यार्थ्यास दिलेल्या मदतीचा परिणाम पुढील पिढ्यांपर्यंत कसा पोहोचतो, याचे उदाहरण म्हणून या शिष्यवृत्तीकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. त्यांचे वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या कवळाणे येथील शाखेतील शेतकरी होते. १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यानंतर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक एफ. ए. एच. इलियट यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षणाची संधी मिळाल्याने एका खेड्यातील मुलाचे आयुष्य बदलते, हे त्यांच्या स्वतःच्याच जीवनातून दिसून येते.

सार्वत्रिक शिक्षण आणि संस्था

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील निवडक गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. १९०६ मध्ये ही योजना संपूर्ण संस्थानात लागू झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या व आदिवासींच्या मुलांसाठी संस्थानाने शाळा व वसतिगृहे चालवली. औद्योगिक व कलाशिक्षणासाठी बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले चित्रपटनिर्माते दादासाहेब फाळके हे कलाभवनाचे विद्यार्थी होते. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले. त्यात खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या वाचनालयांचाही समावेश होता.

व्यक्तिगत शिष्यवृत्त्या

विठ्ठल रामजी शिंदे यांना शिक्षणासाठी बडोद्याकडून साहाय्य मिळाले होते. ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात (१९०१–०३) अध्ययन करून परतल्यावर त्यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. अस्पृश्य मुलांसाठी शाळा व वसतिगृहे चालवणे हे या संस्थेचे प्रमुख कार्य होते.

भीमराव आंबेडकर यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी महाराजांना सुचवले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. पदवीनंतर १९१३ मध्ये अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरले. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याची अट करारात होती. जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळवली. १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला आपला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला.

मर्यादा

या साहाय्याच्या मर्यादाही आंबेडकरांच्याच अनुभवातून स्पष्ट होतात. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अध्ययन अपुरे सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. परंतु कार्यालयात त्यांना अस्पृश्यतेची वागणूक मिळाली आणि शहरात राहण्यासाठी जागाही मिळेना. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले. महाराजांचा पाठिंबा असूनही समाजातील आणि प्रशासनातील भेदभाव त्यामुळे दूर झाला नाही. पुढे स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्सी. पदवी मिळवली.

व्यक्तिगत शिष्यवृत्ती आश्रयदात्याची इच्छा व ठरलेली मुदत यांवर अवलंबून असते. याउलट कायम निधीत मुद्दल राखून केवळ व्याज खर्च केले जात असल्याने दात्याच्या मृत्यूनंतरही मदत चालू राहते. मुंबईतील जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती त्यांच्या निधनानंतर अनेक दशके दिली जात होती. १९१२ मध्ये ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

वारसा

आंबेडकरांनी पुढे स्वतः शिक्षणसंस्था उभारल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाची स्थापना झाली. १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाने मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट खुली केली. नाशिक जिल्हा हे त्यांच्या चळवळीचेही प्रमुख केंद्र होते. काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) आणि येवला येथील धर्मांतराची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) या घटना याच जिल्ह्यात घडल्या.

नाशिक शहरात शिक्षणप्रसाराचे काम समाजाच्या वर्गणीतून व देणग्यांतून वाढले. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली आणि १९२० मध्ये उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला शाहू महाराजांच्या हस्ते बसवण्यात आली. अशा वसतिगृहांमुळे खेड्यांतील मुलांची शहरात राहण्या-जेवण्याची अडचण दूर झाली.

सयाजीरावांच्या इच्छेनुसार त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन केले आणि त्यांच्या स्मरणार्थ सर सयाजीराव डायमंड ज्युबिली अँड मेमोरियल ट्रस्ट हा न्यास उभारला. कलाभवनाची परंपरा या विद्यापीठात पुढे चालू राहिली.