नवापूर परिसरातील वणवे

नवापूर (जिल्हा नंदुरबार, महाराष्ट्र) परिसरात वणव्याचा धोका मुख्यतः फेब्रुवारी ते मोसमी पावसाच्या आगमनापर्यंत असतो. रंगावली नदीकाठी वसलेल्या या गावाभोवती सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या टेकड्या असून पलीकडे गुजरातचे डांग व तापी जिल्हे आहेत. येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात सागाचे प्राबल्य आहे.

== इंधन आणि हवामान ==

वणव्यासाठी इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिल्या दोन येथे दरवर्षी आपोआप जमतात. सागाची मोठी पाने हिवाळ्याच्या उत्तरार्धात गळून जमिनीवर जाड, पोकळ थर साचतो आणि त्यात हवा खेळती राहते. गवतही याच सुमारास वाळते. नवापूरला जिल्ह्याच्या पूर्वेकडील मैदानी भागापेक्षा अधिक पाऊस पडतो. चांगला पावसाळा वणव्याला आळा घालत नाही. उलट गवत माजून पुढील उन्हाळ्यासाठी जास्त इंधन तयार होते. उतारावर ज्वाळा वरच्या बाजूचे गवत आधीच तापवतात, त्यामुळे आग चढणीकडे वेगाने सरकते.

ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या वनांत पानांतील तेलामुळे आग शेंड्यांपर्यंत पोचते. येथे ती बहुधा जमिनीलगतच राहते. मोठा साग अशा आगीत सहसा तगतो, मात्र रोपे, बिया, सरपटणारे प्राणी आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांची हानी होते.

== ठिणगीचे कारण ==

बांबू एकमेकांवर घासून वणवा लागतो, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात भारतातील बहुतेक वणवे मानवी कारणांनी लागतात. वीज पडते ती बहुधा पावसासोबत, त्यामुळे तिचा वाटा अल्प असतो.

मोहाची फुले मार्च–एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालील पाने पेटवून जागा मोकळी केली जाते. आग विझल्याची खात्री न केल्यास ती रानात शिरते. या फुलांवर अनेक भिल्ल, मावची व कोकणी कुटुंबांचे उन्हाळ्यातील उत्पन्न अंशतः अवलंबून असते, ही बाब केवळ निष्काळजीपणाचा ठपका ठेवताना नजरेआड होते. पाने झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे हे पर्याय आहेत. पहिल्याला श्रम लागतात, दुसऱ्याला पैसा. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपे जाळणे, बांध व राब भाजणे आणि कोंडाईबारी वा चरणमाळसारख्या घाटरस्त्यांलगत टाकलेली जळती विडी हीही संभाव्य कारणे होत.

== कायदा व नियंत्रण ==

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असल्यास त्या वनातील चराई व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे एका व्यक्तीच्या कृत्याची झळ साऱ्या गावाला बसू शकते. कलम ७९ नुसार वनहक्क उपभोगणाऱ्यांनी आगीची खबर देणे व ती विझवण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावरील हक्कासोबत सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकारही ग्रामसमुदायाला दिला.

वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच नियंत्रितपणे जाळून मोकळा ठेवतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीची सूचना देते. तथापि लहान आग किंवा उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेली आग त्यातून निसटू शकते. दुर्गम टेकडीवर बंब पोचत नाही. तेथे हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा पुढील पाचोळा ओढून काढूनच आग अडवली जाते.