गाठ जिभेवर, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

राहनाळच्या गोदामांत आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारी मंडळी दवाखान्यात येतात, तेव्हा अनेकांच्या गालफडात तंबाखूची गोळी असते. एखाद्याची तोंडातली जखम कॅन्सरची निघते. तो परळला टाटा हॉस्पिटलात दाखवून येतो, आणि मग घरातले थोरले भाऊ किंवा काका फाईल घेऊन माझ्यासमोर बसतात. "डॉक्टर, गाठ जिभेवर आहे. मानेत हाताला काहीच लागत नाही. मग मान कशाला उघडायची? हवा लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात."

प्रश्न रास्त आहे. मोठमोठ्या सर्जननीही त्यावर कित्येक वर्षं वाद घातला, आणि त्याचं ठोस उत्तर मिळालं ते परळलाच.

आधी पसरणं म्हणजे काय ते पाहू. गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि दोन वाटांनी निघतात. एक वाट लसिकावाहिन्यांची. जिभेच्या किंवा गालाच्या पेशी या वाटेने मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये अडकतात. तोंड आलं की मानेत अवधाण येतं ना, त्याच या ग्रंथी. दुसरी वाट रक्ताची. ती फुप्फुस, यकृत, हाडं अशी लांब जाते.

पण पेशी पोचली म्हणजे रुजली असं नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त यकृतालाही जातं आणि प्लीहेलाही, तरी यकृतात गाठी कितीतरी जास्त सापडल्या. पॅजेट म्हणाले, बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्याच जमिनीत. आपल्या भातशेतीच्या भागात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच काळात अमेरिकेतले हॅलस्टेड मात्र मानत होते की कॅन्सर गाठीपासून पायरीपायरीने बाहेर सरकतो, म्हणून आजूबाजूचं जितकं काढाल तितकं चांगलं. १९०६ साली क्राइल यांनी तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरसाठी तसंच मोठं ऑपरेशन मांडलं. मानेतल्या ग्रंथींबरोबर मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नसही जायची. माणूस वाचला तरी खांदा पडायचा. साहजिकच पुढे अनेक सर्जन म्हणू लागले, मानेत गाठ लागत नसेल तर थांबा, नियमित तपासा, आली तर काढू. दहातल्या सात जणांच्या मानेत काही नसेल, तर त्यांना का चिरायचं?

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ सालीच मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरचा आढावा प्रसिद्ध केला होता. या आजाराचे रुग्ण आपल्याकडे, दुर्दैवाने, कधीच कमी पडले नाहीत.

तिथेच २००४ साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हा वाद निकालात काढायला घेतला. तोंडातली गाठ लहान, मानेत काही लागत नाही, असे रुग्ण निवडले. कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं. एका गटात तोंडाबरोबर मानेचंही ऑपरेशन, दुसऱ्यात मानेत गाठ दिसेपर्यंत वाट पाहायची. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशोब मांडला, तेव्हा ३ वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. फरक इतका मोठा होता की ठरलेली रुग्णसंख्या पूर्ण होण्याआधीच नवे रुग्ण घेणं थांबवलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या मानेत हाताला काहीच लागत नव्हतं, त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या ग्रंथीत कॅन्सर लपलेला होता. तो हाताला लागेपर्यंत थांबलं, तर बऱ्याचदा ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलेला असतो.

मग नेहमी जास्त कापणंच बरं का? तसं मुळीच नाही, आणि हेही परळनेच दाखवलं. त्याच वर्षी डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ३५० स्त्रिया, स्तनाचा कॅन्सर निदानाच्या वेळीच दूरच्या अवयवांत गेलेला, केमोने उतार पडलेला. त्यांतल्या निम्म्याजणींच्या स्तनातली मूळ गाठ ऑपरेशनने काढली, गरजेप्रमाणे शेक दिले. आयुष्य वाढलं नाही. बी आधीच लांब रुजलं होतं. तिथे औषधच पोचायला हवं, सुरी पोचत नाही. (गाठ फुटली, रक्त येऊ लागलं, तर आरामासाठी ऑपरेशन करतात, ती गोष्ट वेगळी.)

हवेचं म्हणाल, तर हा समज कुठून आला ते कळतं. पूर्वी सीटी, पेट स्कॅन नव्हते. उशिरा आलेल्या माणसाचं पोट उघडायचे, आत सगळीकडे पसरलेलं दिसायचं, महिन्याभरात तो जायचा. घरच्यांना वाटायचं, उघडलं म्हणून गेला.

आजचं मानेचं ऑपरेशन क्राइल यांच्या काळासारखं नसतं. लवकरच्या टप्प्यात स्नायू, शीर आणि नस शक्यतो राखतात. नळी काही दिवस राहते, खांद्याचे व्यायाम मात्र नेटाने करावे लागतात. काढलेल्या ग्रंथी पॅथॉलॉजीला जातात आणि त्या रिपोर्टवर पुढे शेक द्यायचे की नाही ते ठरतं. माझ्याकडे याल तेव्हा तो कागद सोबत आणा.