५४१ प्रश्न

१९७५ साली अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर शहराजवळच्या एका नर्सिंग होममधल्या रहिवाशांनी खटला भरला. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की चार खाटांचं खाजगी इस्पितळ डोळ्यांसमोर येतं. तिथे त्याचा अर्थ वेगळा : ज्यांना रोजची शुश्रूषा लागते अशा म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांचं कायमचं राहण्याचं ठिकाण.) त्यांचं म्हणणं साधं होतं. आमची आबाळ होते आहे, आणि सरकार मात्र दर वर्षी या जागेला उत्तीर्ण करून आमच्या नावाने पैसे देतं आहे.

खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या मायकल स्मिथचा दरम्यान मृत्यू झाला. या खटल्यात सरकारी तपासणीचा फॉर्म कोर्टासमोर आला. त्यात ५४१ प्रश्न होते. त्यांपैकी रुग्णाच्या शुश्रूषेशी ओढूनताणून का होईना संबंध असलेले, किंवा ज्यांच्या उत्तरासाठी रुग्णाकडे बघावं लागेल, असे प्रश्न निघाले फक्त ३०. उरलेले ५११ प्रश्न इमारतीचे, कागदपत्रांचे आणि धोरणांचे होते. तपासनीस फायली चाळून, स्वयंपाकघर बघून, सह्या तपासून परत जाऊ शकत होता. ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं त्यांच्याशी एक शब्दही न बोलता!

१९८४ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की एवढ्याने सरकारचं कर्तव्य संपत नाही. चांगली शुश्रूषा देण्याची क्षमता एखाद्या संस्थेत आहे की नाही हे तपासणं वेगळं, आणि ती शुश्रूषा प्रत्यक्ष मिळते आहे का हे तपासणं वेगळं. सरकारने दुसरी गोष्ट तपासली पाहिजे.

आज 'असिस्टेड लिव्हिंग'च्या गुळगुळीत माहितीपत्रकांवरून आपण आईवडिलांसाठी जागा निवडतो, तेव्हा याच फरकापाशी अडखळतो. म्हणून तो फरक लक्षात यायला इतका वेळ का लागला, हा इतिहास बघण्यासारखा आहे.

मालक आणि पाहुणा

इंग्लंडमध्ये १८३४च्या गरीब कायद्यानंतर जागोजागी वर्कहाऊस उभी राहिली. तिथलं जगणं मुद्दाम कष्टाचं ठेवलेलं होतं, म्हणजे अगदी नाइलाज असल्याशिवाय कुणी दारात येऊ नये. धडधाकट गरिबाला धाक बसावा म्हणून केलेल्या या व्यवस्थेत कालांतराने मोठ्या संख्येने राहिले ते म्हातारे आणि आजारी लोक. १८५८ मध्ये लुईझा ट्वायनिंगने वर्कहाऊसना भेटी देणाऱ्या लोकांची संघटना काढली. १८६५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनमधल्या वर्कहाऊसच्या आजारी-कक्षांची पाहणी सुरू केली. बाहेरच्या माणसाने आत जाऊन बघायचं, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने ही व्यवस्था मोडीत काढली. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना अशी होती की आता वर्कहाऊसचा मुकादम आणि कैदी हे नातं संपेल. त्या जागी हॉटेलचा व्यवस्थापक आणि पाहुणा हे नातं येईल. १९४८ मध्ये कायदा झाला. इमारती मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच राहिल्या.

दहाएक वर्षांनी पीटर टाउनसेंड हा तरुण समाजशास्त्रज्ञ या पाहुण्यांचं काय चाललं आहे ते बघायला निघाला. इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्थांना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भेटी दिल्या. त्याने अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, रहिवाशांशी बोलला, फोटो काढले. एका जुन्या वर्कहाऊसमध्ये काही काळ म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारा मदतनीस म्हणूनही राबला. १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हे त्याचं पुस्तक आलं.

टाउनसेंडने संस्थांना गुण देण्याची एक पद्धत तयार केली होती. इमारतीतल्या सोयी आणि कर्मचारी हे त्यात होतेच. पण रोजच्या जगण्यातलं स्वातंत्र्य, हाताला काही उद्योग आहे का, बाहेरच्या जगाशी संबंध उरला आहे का, यांनाही त्याने गुण ठेवले. कधी उठायचं, कधी झोपायचं, स्वतःची चार चीजवस्तू खोलीत ठेवता येते का, अशा बारीक गोष्टी पहिल्यांदाच गंभीर मोजमापात आल्या. त्याला आढळलं की यातले बरेच लोक इथे आले ते हातपाय चालत नाहीत म्हणून नव्हे. घर नव्हतं, जवळचं माणूस उरलं नव्हतं, मदत मिळत नव्हती, म्हणून ते आले होते. त्याचा निष्कर्ष टोकाचा होता : या संस्था हळूहळू बंदच कराव्यात आणि माणसांना त्यांच्या घरी मदत पोचवावी.

आग आणि दरवाजाची रुंदी

अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना रोख मदत सुरू केली, पण सरकारी अनाथालयांत किंवा गरीबखान्यांत राहणाऱ्यांना ती मिळणार नव्हती. गरीबखाने ओस पडावेत हा हेतू. झालं असं, की पैसे घेऊन म्हातारी माणसं ठेवून घेणारी खाजगी घरं जागोजागी निघाली. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्यावर तर तो मोठा धंदाच झाला.

या घरांवर पहिली कडक नजर गेली ती आगींमुळे. २३ नोव्हेंबर १९६३ला ओहायो राज्यात फिचव्हिल इथल्या नर्सिंग होमला पहाटे आग लागली आणि ६३ रहिवासी मेले. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे देशाचं लक्ष दुसरीकडे होतं. पण अशा आगींनी नियमांना वळण लावलं. दरवाजे किती रुंद, भिंती कशाच्या, पाण्याचे फवारे आहेत का. हे नियम आवश्यकच होते, त्यांनी जीव वाचवले. शिवाय ते तपासायला सोपे होते. दरवाजा टेपने मोजता येतो. हाक मारल्यावर कुणी किती वेळात येतं, हे टेपने मोजता येत नाही. ५४१ प्रश्नांचा फॉर्म असाच, मोजता येईल ते मोजत मोजत भरत गेला असणार.

याच सुमारास, १९६६ मध्ये, अवेदिस दोनाबेदियन यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा ठरवावा यावर एक निबंध लिहिला. आजही सगळे त्याचाच आधार घेतात. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. जिना आहे का, ही रचना. जिना चढताना कुणी हात धरतं का, ही प्रक्रिया. माणूस पडला की नाही, हा परिणाम. सरकारी तपासणी बराच काळ पहिल्याच पायरीवर बसून होती.

अखेर कुणीतरी विचारलं

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग होम सुधारणांसाठी झटणाऱ्या नागरिकांच्या राष्ट्रीय संघटनेने एक साधी गोष्ट केली. १५ शहरांतल्या ४५५ रहिवाशांना एकत्र बसवून विचारलं : चांगली शुश्रूषा म्हणजे तुमच्या मते काय? सर्वांत वर आलं ते कर्मचाऱ्यांचं वागणं. आपल्याला उचलणारी, धुणारी, भरवणारी माणसं कशी आहेत, ती पुरेशी आहेत का, टिकतात का. इमारत खाली गेली. जेवण आणि आपल्या दिवसावर आपला थोडा तरी ताबा, या गोष्टी आल्या.

पुढच्या वर्षी सिडनी कॅट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, जेवणं या सहा क्रियांवरून माणसाचं परावलंबन मोजायची जी पट्टी आज जगभर वापरतात ती याच कॅट्झ यांची, १९६३ची. १९८७ मध्ये कायदा झाला. आता प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळाने तपासणी व्हायला हवी होती, तपासनिसांनी न कळवता जाऊन रहिवाशांशी बोलायला हवं होतं, मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण हवं होतं. आणि सोयीसाठी माणसाला खुर्चीला किंवा खाटेला बांधून ठेवणं बंद. 'पडू नये म्हणून' म्हातारी माणसं सर्रास बांधली जात असत. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण खूप घसरलं.

आतून लागणारी कडी

याच काळात ऑरेगनमध्ये केरन ब्राउन विल्सन वेगळा विचार करत होती. ती १९ वर्षांची असताना तिच्या आईला पक्षाघात झाला, आणि वयाच्या ५५व्या वर्षापासून आई नर्सिंग होममध्ये अडकली. माझ्यासारख्यांसाठी तू काही का करत नाहीस, असं आईने तिला विचारलं होतं. १९८३ मध्ये पोर्टलंडमध्ये विल्सन आणि तिच्या नवऱ्याने ११२ खोल्यांची एक जागा सुरू केली. प्रत्येकाला स्वतःचं छोटं घर, स्वयंपाकाची सोय आणि दाराला आतून कडी. मदत हवी तेव्हा मिळणार. पण दार कुणाला उघडायचं ते रहिवासी ठरवणार. 'असिस्टेड लिव्हिंग' हे नाव या कल्पनेबरोबर रुजलं. पुढे झालेल्या पाहणीत रहिवाशांची तब्येत ढासळली नव्हती, समाधान वाढलं होतं, आणि सरकारचा खर्च कमी झाला होता.

विदर्भातल्या उटी गावच्या गावंडे कुटुंबातले डॉ. अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' (२०१४) या पुस्तकात ही कहाणी सांगितली आहे. ते याच पुस्तकात आपल्या आजोबांविषयीही लिहितात, ज्यांनी शंभरी ओलांडूनही उटीत शेतावर देखरेख ठेवली, कारण भोवती कुटुंब होतं. तो काळ परत आणा असं मात्र ते म्हणत नाहीत.

नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी हे नाव उचललं. दिवाणखाना, झुंबर, पियानो आला. कडीमागची कल्पना पुष्कळ ठिकाणी गळाली. आणि १९८७चा कायदा फक्त नर्सिंग होमसाठी होता. असिस्टेड लिव्हिंग राज्याराज्यांच्या नियमांवर सोपवलेलं राहिलं. २०१८ मध्ये अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने पाहिलं, तेव्हा मेडिकेडमधून या सेवांना पैसे देणाऱ्या ४८ राज्यांपैकी २६ राज्यांना, दुखापत, छळ किंवा संशयास्पद मृत्यू अशा गंभीर घटना किती झाल्या, हेही सांगता आलं नाही. २०१४ या एका वर्षात त्यावर १० अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता.

नर्सिंग होमसाठी २००८ मध्ये हॉटेलसारखे पाच तारे आले. बेव्हनची उपमा साठ वर्षांनी अशी खरी झाली! त्यात कर्मचाऱ्यांची संख्या संस्था स्वतःच कळवत होत्या. पुढे पगारपत्रकांवरून आकडे घेतल्यावर दिसलं की पुष्कळ ठिकाणी माणसं सांगितल्यापेक्षा कमी होती, आणि शनिवार-रविवारी तर आणखी कमी.

आपल्याकडे

भारतात २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान एक, १५० जणांचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलं, आणि त्यांचे निकष ठरवण्याचं काम राज्यांकडे दिलं. पण आपली अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'वृद्धाश्रम' या शब्दात आश्रम आहे. आश्रमात आसरा मिळतो, आणि आसऱ्याची तपासणी करणं कृतघ्नपणाचं वाटतं. देणगीदार येतो, फळं वाटतो, स्वच्छ फरशी बघून समाधानाने जातो. दुसऱ्या टोकाला पैसे मोजून घेतलेली 'सीनियर लिव्हिंग'ची सदनिका. तिथे निवडणारा बहुधा मुलगा किंवा मुलगी, कधी न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर. त्यांना हवी असते सुरक्षितता. विल्सनचंही निरीक्षण होतं की या जागा म्हाताऱ्यांपेक्षा त्यांच्या मुलांना पटतील अशा रचल्या जातात. आईला कडी हवी असते, मुलाला कॅमेरा. दोघांचंही चूक नाही, पण माहितीपत्रक मुलासाठी छापलेलं असतं.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा झुंबर बघा, जिन्याचे कठडेही बघा, फिचव्हिलची आठवण ठेवून अग्निशमनाची सोय नक्की बघा. पण तिथे थांबू नका. न कळवता रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. रात्री किती माणसांमागे किती मदतनीस असतात ते विचारा. सकाळची अंघोळ घालणारी मावशी इथे किती दिवसांपासून आहे, तिच्या आधीची का गेली, ते विचारा. तिला पगार किती मिळतो हेही विचारा. ऐकणाऱ्याला तो प्रश्न अवघड वाटेल, पण ४५५ रहिवाशांनी दिलेलं उत्तर याच प्रश्नाकडे बोट दाखवतं. परावलंबन वाढलं तर इथेच ठेवून घेणार की जा म्हणणार, हे लेखी मागा. खुर्चीत बसवलेल्या आजोबांना स्वतःहून उठता येतं का, की समोर काही अडकवलं आहे, ते बघा. आणि व्यवस्थापक बाजूला गेल्यावर त्या आजोबांजवळ बसून विचारा, आज किती वाजता उठलात, आणि तेव्हाच उठायचं होतं का?