कसोटीचा दगड : भविष्यवाणी, मुक्ती मिशन आणि आपण



इंदूरच्या राजवाड्याला लागूनच सराफा बाजार आहे. रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात म्हणून तो आज प्रसिद्ध असला, तरी दिवसा तो सोन्याचांदीचाच बाजार. आता सोने तपासायला यंत्रे आली. जुना सराफ मात्र काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ ओढायचा आणि दोन्ही रेघांवर तेजाब लावून त्या ताडून पाहायचा. दागिना किती चमकतो, आणणारा किती आत्मविश्वासाने बोलतो, याला त्याच्या लेखी किंमत नव्हती. आणि 'दगडावर घासू द्या' म्हटले म्हणून कोणा प्रामाणिक गिऱ्हाइकाला राग येत नसे. आपला 'कसोटी' हा शब्द त्याच दगडाचा आहे.

संत पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की पवित्र आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका, सगळ्याची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा. 'पारख' या अर्थी त्याने वापरलेला ग्रीक शब्द नाणी आणि धातू तपासण्यासाठीही वापरला जात असे. म्हणजे देवाच्या नावाने आलेला संदेश घासून पाहणे हा अविश्वास नसून ती प्रेषिताची आज्ञाच आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे. आमच्या पॅरिशमधील एका कुटुंबाच्या मुलाला फिट येतात. एका फिरत्या प्रचारकाने प्रार्थना केली आणि सांगितले, "मुलगा बरा झाला आहे असे देवाने मला दाखवले, औषध बंद करा." आईने आम्हा स्वयंसेवकांना विचारले, "औषध चालू ठेवले तर तो अविश्वास ठरेल का?" या प्रश्नाला घाईघाईने हसून किंवा घाबरून उत्तर देता येत नाही. म्हणून आम्ही मंडळीचा इतिहास आणि पवित्र शास्त्र पुन्हा उघडले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न नवा नाही

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात दोन संदेष्टे मंदिरात समोरासमोर उभे आहेत. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू आहे. बाबेलच्या राजाची सत्ता सोसावी लागेल हे त्याला सांगायचे आहे. हनन्या ते जू मोडतो आणि देवाच्या नावाने जाहीर करतो की दोन वर्षांत सारे परत येईल. लोकांना कोणाचे बोलणे आवडले असेल हे सांगायला नको. यिर्मया काय करतो ते पाहा. तो आधी 'आमेन' म्हणतो, असेच होवो म्हणतो! त्यालाही शांती हवीच आहे. पण तो लोकांना आधीच्या संदेष्ट्यांची आठवण देतो आणि सांगतो की शांतीचे भाकीत करणाऱ्याचे वचन खरे ठरेल, तेव्हाच देवाने त्याला पाठवले होते हे कळेल. हनन्या त्याच वर्षी मरण पावला. दोन वर्षांत काही परत आले नाही. पुढच्या अध्यायात यिर्मया बंदिवानांना पत्र लिहितो की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा. सत्तर वर्षे लागतील. ज्यांनी हनन्यावर भरवसा ठेवला असेल, त्यांनी घर कशाला बांधले असते? खोटी आशा माणसाचे आजचे कर्तव्य हिरावून घेते.

प्रेषितांनंतरची मंडळीही याच प्रश्नाशी झगडली. 'डिडाखे' नावाची अगदी सुरुवातीच्या काळातली शिकवणुकीची एक छोटी पुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. त्या काळी फिरते संदेष्टे गावोगावच्या मंडळ्यांत येत. त्यांच्याविषयीची तिची सूचना साधी आहे. आदराने स्वागत करा. पण जो आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागतो, त्याचे ऐकू नका. दुसऱ्या शतकात फ्रिगियात माँटानस आणि त्याच्याबरोबरच्या दोन स्त्रिया, प्रिस्किल्ला व मॅक्सिमिल्ला, यांनी भविष्यवाणीची मोठी चळवळ उभी केली. तिच्यात उपवास होते, कडक शिस्त होती, आणि तर्तुल्यनासारखा विद्वानही तिच्याकडे ओढला गेला. माझ्यानंतर शेवटच होईल, असे मॅक्सिमिल्ला सांगत असे. ती वारली आणि जग चालूच राहिले.

पुढे अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभूच्या आगमनाची तारीख धरली. कित्येकांनी शेतातले पीक तसेच सोडले होते. आपल्या काळात हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जगभर जाहीर केली. ती टळल्यावर ऑक्टोबरची दिली. तीही टळल्यावर, २०१२ मध्ये त्यांनी तारीख सांगणे हे पाप होते असे उघडपणे कबूल केले. त्यांच्या या कबुलीचा आम्ही आदर करतो. पण मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगून ठेवले आहे की तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. दगड हातात होता. घासून पाहायचे राहिले.

केडगावची साक्ष

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग असल्या गोष्टींच्या वाटेलाच जाऊ नये. पण मराठी ख्रिस्ती माणसाला असे म्हणता येत नाही, कारण आपल्याच इतिहासात केडगाव आहे.

पंडिता रमाबाई या मुळातच पारख करणाऱ्या बाई होत्या. संस्कृतातील त्यांची विद्वत्ता पाहून १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतरही सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांतून त्या प्रश्न विचारतच राहिल्या. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून नव्हे, तर शास्त्रात दिसले तरच मानीन, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांच्या घरी त्या राहिल्या, ज्यांचे उपकार होते, त्यांच्यापुढेही ती त्यांनी सोडली नाही.

अशा रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती झाली. त्याआधी वेल्समधील जागृतीच्या बातम्या येत होत्या. वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत त्यांची संख्या शेकड्यांत गेली. जूनच्या अखेरीस रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांतपणे शिकवत असताना मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. त्याच दिवसांतली एक हकिगत मिनी एब्रम्स या मिशनरीबाईंनी लिहून ठेवली आहे. रात्री एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, आणि मग तिला कळले की ही जाळणारी आग नव्हे. पुढे अन्य भाषांत प्रार्थना झाल्याच्या साक्षी आल्या. दौंडला मुलांचे वसतिगृह चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी इंग्रजी न येणाऱ्या एका स्त्रीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची जागृती एप्रिल १९०६ ची. केडगावची सुरुवात त्याआधीची. मिनी एब्रम्स यांनी या जागृतीवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ च्या जागृतीला तिची प्रेरणा मिळाली.

टीका पुष्कळ झाली. हा गोंगाट आहे, हे भावनांचे उधाण आहे, असे मिशनरीही म्हणाले. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. पण त्याचबरोबर अन्य भाषेची खूण मिळाली तरच आत्मा मिळाला, असा नियमही केला नाही. त्यांनी पाहिले ते फळ. चोरलेल्या वस्तू, लपवलेले द्वेष, जुनी भांडणे यांची कबुली झाली का? ज्या मुली दुष्काळातून अर्धमेल्या आल्या होत्या, त्या आता दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत होत्या, आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान घेऊन जात होत्या.

आणि याहून मोठी साक्ष पुढच्या वर्षांची आहे. ज्या बाईंच्या घरी एवढे चमत्कार सांगितले जात होते, त्यांनी त्यांच्या कहाण्यांवर स्वतःचे नाव मोठे केले नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असे मराठी बायबल मूळ भाषांतून तयार करण्यात त्यांनी आयुष्याची उरलेली वर्षे घातली. मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्म्याचा अनुभव आणि वचनाचा अभ्यास ही दोन टोके आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी केडगावचा छापखाना आठवावा. कसोटीचा दगड रमाबाईंनी आपल्याजवळ ठेवून घेतला नाही. ज्या बायकांना कोणीही फसवू शकले असते, त्यांच्याच हातात तो दिला.

दगडावर घासताना

मग आज कोणी 'परमेश्वर असे म्हणतो' असे सांगत आला, तर काय पाहायचे? शास्त्रातून आम्हाला पाच प्रश्न मिळतात.

पहिला : हा संदेश कोणाकडे नेतो? अनुवादाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरीही, तो माणूस देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. म्हणजे 'त्यांचे मागचे भाकीत खरे ठरले होते' एवढे पुरत नाही. फिलिप्पैमध्ये पौलाच्या मागे फिरणारी दासी शब्दाने खरेच बोलत होती, तरी पौलाने तिच्यातील आत्म्याला हाकलले.

दुसरा : सांगितले ते घडले का? अनुवादाचा अठरावा अध्याय इथे स्पष्ट आहे. तारीख टळल्यावर 'तुमचा विश्वास कमी पडला' असे म्हणणे ही पळवाट आहे.

तिसरा : तो माणूस इतरांना पारख करू देतो का? पहिल्या करिंथकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा अशी शिस्त आहे. बिरुयाचे लोक तर पौलाचे बोलणेही रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि त्याबद्दल शास्त्र त्यांना थोर मनाचे म्हणते. जो 'देवाच्या अभिषिक्ताला प्रश्न विचारू नका' म्हणतो, तो पौलापेक्षा मोठा आहे काय?

चौथा : लाभ कोणाचा? अहाब राजापुढे चारशे संदेष्टे त्याला हवे तेच बोलले. एकट्या मीखायाने नको ते सांगितले आणि तो तुरुंगात गेला. संदेशाच्या शेवटी खाते क्रमांक येत असेल, तर डिडाखेची सूचना आजही लागू आहे.

पाचवा : फळ कोणते? भीती, फूट आणि एका माणसावरचे अवलंबन, की पश्चात्ताप, प्रीती आणि सेवा? अगबाने दुष्काळाचा संदेश दिला तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदियातील भावांसाठी मदत गोळा करून पाठवली. खऱ्या संदेशानंतर मंडळीचे हात असे कामाला लागतात.

त्या आईला आम्ही काय सांगितले

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशयाने त्याला देवाचे वचन दिले की तू बरा होशील. आणि त्याच यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. वचन देणारा संदेष्टा खरा होता, तरी त्याने औषध काढून घेतले नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केले आणि लगेच सांगितले, जा, याजकाला दाखव. त्या काळी बरे झाल्याचा निर्वाळा याजक देत असे. स्वतः प्रभूने केलेले आरोग्यही तपासणीला घाबरले नाही.

म्हणून आम्ही त्या आईला म्हणालो, "ताई, देव मुलाला बरे करू शकतो, आणि आम्हीही तुमच्याबरोबर रोज तेच मागू. गोळी एक दिवसही चुकवू नका. अचानक बंद केली तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. देवाने बरे केले असेल तर डॉक्टरांच्या तपासणीतही ते दिसेल, आणि गोळी कमी करायची ती तेच सांगतील. त्या दिवशी आपण सगळे मिळून उपकारस्तुती करू." औषध चालू आहे, मंडळीची प्रार्थनाही चालू आहे.

वाचकहो, तुमच्या घरीही असा संदेश आला असेल. कोणी लग्न मोडायला सांगितले असेल, कोणी घर विकायला, कोणी ठरावीक रक्कम 'पेरायला'. तेव्हा एकटे ठरवू नका. पाळकांना सांगा, मंडळीतील वडीलधाऱ्यांना सांगा, शास्त्र उघडून एकत्र वाचा. संदेश देवाचा असेल तर चार दिवस थांबल्याने त्याचे काही बिघडणार नाही.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तुझा आत्मा आमच्यात विझू देऊ नकोस, आणि तुझ्या नावाने आलेल्या प्रत्येक आवाजामागे आम्हाला धावूही देऊ नकोस. आमच्या आजाऱ्यांना आरोग्य दे, डॉक्टरांच्या हातांना आशीर्वाद दे, भोळ्यांचे रक्षण कर, आणि चुकलेल्या संदेष्ट्यांना चूक कबूल करण्याची कृपा दे. तुझे वचन आमच्या पावलांपुढे असू दे. आमेन.