निखाऱ्यांवरून चालताना पाय का भाजत नाहीत?

उरण : होळीचा जाळ ओसरला, की मागे लालभडक निखाऱ्यांची रास उरते. उरण-पनवेल परिसरातील आगरी-कोळी गावांना हे दृश्य परिचयाचे आहे. राज्यातील काही यात्रांमध्ये अशाच निखाऱ्यांवरून भाविक अनवाणी चालतात आणि पाय न भाजणे हा दैवी कृपेचा पुरावा मानला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच धाडस कोणताही मंत्र न म्हणता करून दाखवत आले आहेत.

निखारे : कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे. लोखंड त्याच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेते. भरभर चालणाऱ्याचा तळवा प्रत्येक पावलाला जेमतेम अर्धा सेकंद निखाऱ्याला टेकतो. तेवढ्यात त्वचेपर्यंत फारशी उष्णता पोचत नाही. मात्र निखाऱ्यांत एखादा तापलेला खिळा असला किंवा चालणारा मध्येच थांबला, तर पाय भाजतोच.

खिळ्यांची शय्या : येथे क्षेत्रफळ आणि दाब यांचे गणित आहे. ६० किलो वजनाचा माणूस १००० खिळ्यांवर आडवा झाला, तर एका खिळ्याच्या वाट्याला सरासरी ६० ग्रॅम भार येतो. तोच माणूस मोजक्या खिळ्यांवर उभा राहिला, तर तळव्यांत खिळे रुततील.

उकळते तेल : तेलात आधीच थोडे पाणी किंवा लिंबाचा रस घातलेला असेल, तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच बुडबुडे येऊ लागतात. तेल उकळत असल्याचा भास होतो. खरे तापलेले तेल याहून कितीतरी गरम असते.

अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जर्ल वॉकर ओली बोटे वितळलेल्या शिशात क्षणभर बुडवून दाखवत. पाण्याची तत्काळ वाफ होते आणि तिचा पातळ थर बोटांचे रक्षण करतो. अठराव्या शतकातील जर्मन वैद्य लायडनफ्रॉस्ट यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. याच वॉकर यांचे पाय निखाऱ्यांवरून चालताना एकदा चांगलेच भाजले होते. नियम ठाऊक असणाऱ्यालाही अग्नी सवलत देत नाही.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये परांडा (तत्कालीन उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा) येथे पत्नीच्या चारित्र्याची परीक्षा म्हणून तिला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याचा प्रकार उघडकीस आला. हात भाजणे वा न भाजणे हे तेलाचे तापमान आणि स्पर्शाचा काळ यांवर ठरते. त्यातून कोणाचेही चारित्र्य सिद्ध होत नाही.

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, फसवणे वा दहशत बसवणे यासाठी त्यात ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

वरील प्रयोग अनुभवी कार्यकर्ते पूर्वतयारीने करतात. वाचकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, ते घरी करू नयेत. भाजल्यास तो भाग किमान २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा आणि डॉक्टरांना दाखवावे.