माणसांच्या संमतीवाचून: केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया

पुणे–सोलापूर लोहमार्गावर पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर असलेले केडगाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भीमेच्या खोऱ्यातील इतर कोरडवाहू गावांसारखेच एक गाव होते. पंडिता रमाबाईंनी १८९७ नंतर तेथे उभारलेल्या मुक्ती सदनामुळे ते देशोदेशीच्या ख्रिस्ती वर्तुळात परिचित झाले. या संस्थेच्या सामाजिक कार्याविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. परंतु ज्या श्रद्धेतून ती उभी राहिली, म्हणजे ईश्वराचा संकेत एकदा मनाला पटल्यावर त्यासाठी माणसांचा दुजोरा मागायचा नाही या वृत्तीचा विचार अभ्यासकांनी बहुधा ओझरताच केला आहे. समाजसुधारक रमाबाई स्वीकारायच्या आणि प्रार्थना करणाऱ्या रमाबाई बाजूला ठेवायच्या, ही सोयीची विभागणी इतिहासाच्या दृष्टीने टिकत नाही, कारण केडगावचा प्रत्येक मोठा निर्णय या दुसऱ्या रमाबाईंनीच घेतलेला आहे.

या वृत्तीची मुळे त्यांच्या बालपणात सापडतात. रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला आणि त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवून परंपरेचा रोष ओढवून घेतला होता. तरीही कर्मकांडावरील त्यांची निष्ठा अढळ होती. पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडणाऱ्या या कुटुंबाने व्रते, अनुष्ठाने, उपासतापास आणि दानधर्म यांत जवळचे सारे द्रव्य खर्ची घातले आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील अन्नान्न करीत मरण पावले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या धर्मानुभवाच्या निवेदनात, रमाबाईंनी या दिवसांचे जे वर्णन केले आहे त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: देवाची इच्छा काय आहे हे सांगण्याचा अधिकार नेहमी दुसऱ्या कोणाकडे तरी होता, आणि त्या दुसऱ्याला दक्षिणा पोहोचवावी लागत होती. मध्यस्थाविषयीचा हा अविश्वास त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

त्याची खरी कसोटी इंग्लंडमध्ये लागली. १८८३ साली रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या, म्हणजे अँग्लिकन पंथातील संन्यस्त स्त्रियांच्या मठाच्या, आश्रयाला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तथापि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्यांचा अधिक खोल वाद झाला, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी, म्हणजे प्रांतांच्या धर्माध्यक्षांनी, त्यास हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच ईश्वर आहेत या शिकवणीविषयी, रमाबाईंनी विचारलेल्या शंका वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डिन यांना अहंकाराच्या वाटल्या. आणि मनोरमेचे धर्मशिक्षण कोणी ठरवायचे यावरूनही दोघींत तीव्र मतभेद झाले.

या वादाचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून, एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या वैचारिक स्वातंत्र्याचा त्याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळेल. त्या पत्रांतून रमाबाई आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांना नम्रतेने, परंतु कोठेही न डगमगता, सांगतात की सदसद्विवेक आणि निर्णयशक्ती ईश्वरानेच आपल्याला दिलेली असल्यामुळे ती वापरणे हे आपले कर्तव्य आहे, आणि मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. येथे श्रद्धा आणि आज्ञाधारकपणा यांची त्यांनी केलेली फारकत महत्त्वाची आहे. त्यांनी ईश्वराची आज्ञा बिनशर्त मानली, मात्र ती आज्ञा कोणती हे ठरविण्याचा हक्क कोणत्याही मठाला किंवा धर्मपीठाला दिला नाही.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलविलेले शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्याचा खर्च बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षांपुरता पत्करला होता आणि धार्मिक तटस्थता ही त्याची अट होती. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’ने सदनावर हल्ला चढविला आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. पाठोपाठ अनेक पालकांनी आपल्या मुलीही काढून नेल्या. सल्लागारांची अडचण खरी होती, कारण त्यांनी आपली पत तटस्थतेच्या हमीवर पणाला लावली होती. त्यांना दोष देऊन हा प्रसंग समजत नाही. रमाबाईंनी मात्र आपल्या खोलीचे दार उघडे राहील आणि येणाऱ्या मुलीला अडवले जाणार नाही, ही भूमिका सोडली नाही. पुण्यातील प्रतिष्ठितांच्या पाठिंब्याशिवाय संस्था चालविण्याची सवय त्यांना येथून लागली.

याच काळात त्यांच्या वाचनात ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर आणि चीन इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर यांच्या कार्याचे वृत्तांत आले. या दोघांनी रूढ केलेल्या पद्धतीला विश्वासावर चालणारे मिशन म्हणता येईल: कर्ज काढायचे नाही, सेवकांना ठरलेल्या पगाराची हमी द्यायची नाही, कोणाकडे वर्गणी मागायची नाही आणि संस्थेची गरज केवळ प्रार्थनेत ईश्वरापुढे मांडायची. म्यूलर यांनी याच रीतीने ॲश्ली डाउन येथे पाच मोठी अनाथगृहे उभारली होती आणि त्यांत २,००० मुलांची सोय होती. हिंदुस्थानात असे मिशन का नसावे, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला.

उत्तर देण्याची वेळ १८९६–९७ च्या दुष्काळाने आणली. मध्य प्रांतातील भूकबळींच्या बातम्या आल्या तेव्हा शारदा सदनाची जागा, त्याचा निधी आणि असोसिएशनशी झालेला करार यांपैकी काहीही दुष्काळग्रस्त मुलींना आणण्यास पुरेसे किंवा अनुकूल नव्हते. आपल्याजवळ पैसा नाही आणि बळही नाही, हे रमाबाईंना पुरते ठाऊक होते. स्वतःच्या घरच्या उपासमारीची आठवण आणि प्रार्थनेत जाणवलेली आज्ञा एवढ्याच आधारावर त्या निघाल्या आणि दुष्काळी छावण्यांतून व रस्त्यांवरून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया गोळा केल्या. त्यात जातीची अट राहिली नाही, ही गोष्ट शारदा सदनाच्या तुलनेत फार मोठी होती. पुण्यात प्लेगची साथ आणि तिच्यापायी आलेली सरकारी बंधने असल्यामुळे या मुलींना व स्त्रियांना शहरात ठेवता येईना. तेव्हा शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन उपयोगी पडली. आधी राहुट्या व तात्पुरते निवारे आणि मग पक्क्या इमारती असे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या २,००० च्या जवळपास पोहोचली.

एवढ्या लोकांचे पोट केवळ भावनेवर भरत नाही, याचे भान केडगावात सदैव होते. विहिरी खणल्या गेल्या, शेती व दूधदुभत्याची व्यवस्था झाली, विणकाम, शिवणकाम आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण, पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध व दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन निघाले. ईश्वर पुरवील असे मानणाऱ्या बाईंनी जमीन नांगरण्यात कसूर केली नाही. त्याचबरोबर हेही नमूद करणे न्याय्य ठरेल की माणसांपुढे हात न पसरण्याचे तत्त्व निखळ स्वरूपात पाळले जाणे कठीण होते: १८९८ साली मूळ मुदत संपल्यावर रमाबाई अमेरिकेस गेल्या, तेथील असोसिएशनची पुनर्रचना झाली, आणि ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून केडगावच्या हकिकती व गरजा परदेशी वाचकांना कळत राहिल्या. देणग्या येण्यामागे या परिचयाचा हात होता. पण निर्णय आधी झाला आणि मदत मागाहून आली, हा क्रम दुष्काळाच्या वर्षी तरी निर्विवाद आहे, आणि रमाबाईंच्या श्रद्धेचे मोल त्या क्रमातच आहे.

१९०५ साली केडगावात संजीवन आले, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत पश्चात्ताप व आत्मिक आवेग यांची लाट उसळली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आणि शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनऱ्यांना हा प्रकार उन्मादाचा वाटला. रमाबाईंनी या टीकेला उत्तर देताना मुलींना पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या साच्यात बसविण्यास नकार दिला. हिंदू समाजाने त्यांना परके मानले होते, आता ख्रिस्ती समाजातही त्या काहीशा एकट्या पडल्या. त्या एकटेपणाची किंमत मोठी होती आणि ती त्यांनी कुरकुर न करता दिली.

अखेरची सुमारे १८ वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नव्या मराठी भाषांतरात घालविली. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांनी अल्पशिक्षित स्त्री अर्थासाठी पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागेल, ही त्यांची तक्रार होती, आणि म्हणून स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बोलीला जवळची भाषा योजली. वाचणारी आणि ईश्वर यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये, हा वाँटेजमध्ये त्यांनी धरलेलाच आग्रह येथे शब्दयोजनेपर्यंत पोहोचला होता. उत्तराधिकारी म्हणून जिच्याकडे पाहिले जाई ती मनोरमा १९२१ साली निवर्तली. भाषांतराचे काम पुरे करून रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच देह ठेवला. मुक्तीतील स्त्रियांनी आपल्या छापखान्यात जुळविलेले आणि छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी सुरू झालेली ती संस्था केडगावात आजही चालू आहे.